त्याच पेटीत

मी एक गाठ बोलतेय. दोरीतली नव्हे, आणि लग्नातली तर मुळीच नव्हे. माझं काम त्याहून पक्कं आहे. मी झाडावरची गाठ आहे, आणि ते झाडही असं, की ज्याचं मूळ वर आणि फांद्या खाली. हसू नका. वटवाघळाला विचारा, त्याला ते अगदी सरळ दिसेल.

संगणकाकडून काम करून घ्यायचं तर माणूस एका ठरावीक भाषेत ओळी लिहितो. संगणकाला त्या ओळी जशाच्या तशा पचत नाहीत. आधी त्या सोडवून त्यांचं झाड मांडावं लागतं. कोणतं काम कुणाच्या पोटात, काय आधी, काय मागून, हे सगळं त्या झाडावर ठरतं, आणि जिथे ठरतं तिथे एक गाठ असते. बेरजेची गाठ वेगळी, तुलनेची वेगळी. इंजिनिअर मंडळी आम्हाला नोड म्हणतात. म्हणोत बापडी.

माझ्या वाट्याला आलेलं काम सांगते. कुणाला तरी हाक मारायची, जी वस्तू ओ देईल तिच्यातला आकडा वाचायचा, त्यात भर घालायची आणि नवा आकडा त्याच वस्तूत परत ठेवायचा. हाक मारायची ती एकदाच. दुसऱ्यांदा मारली आणि दुसरंच कुणी आलं तर? म्हणून पहिल्या हाकेला जो येईल त्याचा हात मी धरून ठेवते आणि काम संपेपर्यंत सोडत नाही. एवढंच माझं कसब. मोठं नाही, पण माझं आहे.

माझा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. तिथे एक लहानशी प्रोग्रामिंगची भाषा घडवली जाते. घडवणारी ती ताई. तिला अख्खं ऑफिस ताई म्हणतं, आणि अख्खं ऑफिस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मीही त्याला धाकटाच म्हणते. खाली दिवसभर कुणीतरी चाकाची तार पिळत असतं, वर ही दोघं डोकं पिळत असतात.

खरं तर माझं बीज पडलं ते ताईच्या स्वयंपाकघरात. ताईनेच ते नंतर हसत हसत धाकट्याला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. शेगडीवर दोन पातेली होती. ताईचं ध्यान नेहमीप्रमाणे भलतीकडेच. तिने एका पातेल्यातली भाजी चाखली, मीठ कमी वाटलं म्हणून चिमूटभर घेतलं, आणि टाकलं शेजारच्या पातेल्यात. आईने कपाळावर हात मारला. "अगं, चव एकीची घेतेस नि मीठ दुसरीत टाकतेस! जिची घेतलीस तिच्यातच टाकायचं असतं, एवढं कळत नाही?" ताई पळी हातात धरून तशीच उभी राहिली. त्या वेळी तिच्या झाडावर हीच चूक होत होती. वाचायची गाठ एकदा हाक मारायची, ठेवायची गाठ पुन्हा मारायची. दुसऱ्या दिवशी तिने मला घडवलं. त्या अर्थाने आई माझी आजी लागते.

त्या ऑफिसची एक रीत होती. झाडात काही बदल केला की ते कागदावर छापायचं, कागद एकमेकांना चिकटवून भिंतीवर लावायचे आणि मोठ्याने वाचायचं. एकाने झाड व्हायचं, दुसऱ्याने मशीन. झाड म्हणायचं, "पेटीला हाक मार." मशीन म्हणायचं, "मारली. आली. हात धरला." झाड म्हणायचं, "आकडा वाच." असं करत करत खालच्या शेवटच्या पानापर्यंत. खालचे सायकलवाले काका एकदा वर येऊन पाहून गेले आणि जाताना म्हणाले, "दोघंही बरे आहात ना?" पण त्या वाचनात कित्येक चुका चव्हाट्यावर आल्या होत्या. वाचल्याशिवाय काहीही दाराबाहेर जायचं नाही, हा ताईचा दंडक होता.

मात्र ताईकडून एक गोष्ट राहून गेली. माझ्या डोक्यावर तिने एक ओळ लिहायला हवी होती. फाइलमध्ये अशा ओळी लिहितात. मशीन त्या ओलांडून जातं, त्या फक्त पुढे वाचणाऱ्या माणसासाठी असतात. ही गाठ इथे का आहे, एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. तिला वाटलं, उघड आहे.

धाकट्याला ते उघड नव्हतं. तो नीटनेटका माणूस. टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावणार. मी त्याच्या डोळ्यांत खुपायची.

"ताई, ही बया कशाला पाळलीस?" तो म्हणायचा. "वाचायची गाठ आहे, ठेवायची गाठ आहे. दोघी मिळून हिचं काम करतात की."

"राहू दे रे तिला."

"पण का?"

"तिला काढलंस तर आई रागवेल."

तो हसायचा. तिला मस्करी करायची सवय होती आणि त्याला ती ऐकायची. शेगडीची गोष्ट त्याने ऐकली होती, पण तिचा माझ्याशी काही संबंध असेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

आता पेट्यांबद्दल सांगते. गावातल्या हॉस्पिटलात दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचा एक वॉर्ड आहे. काचेच्या सहा पेट्या, प्रत्येकीत ऊब, प्रत्येक बाळाला लागेल तेवढी. इवल्याशा बाळाला जास्त ऊब लागते, बाळसं धरलेल्याला कमी. तिथला इंजिनिअर ताईचीच भाषा वापरायचा. वॉर्डातल्या स्क्रीनवर त्याने एक बटण बसवलं होतं. बाहेर गारठा वाढला आणि डॉक्टरांनी सांगितलं, की नर्सने ते दाबायचं आणि सहाही पेट्यांची ऊब थोडी थोडी वाढायची. त्या बटणामागची ओळ अशी होती:

पुढची_पेटी().तापमान += ०.२

म्हणजे पुढच्या पेटीला हाक मार, तिचं तापमान घे, त्यात थोडी भर घाल, तिच्यातच ठेव. हे सहा वेळा. सहावीनंतर पुन्हा पहिली, अशी ती हाक गोल फिरायची. ही ओळ झाडावर चढली की तिच्या डोक्याशी मी असायची. कितीतरी थंड सकाळी मी त्या पेट्यांचे हात धरले आहेत.

त्याच हॉस्पिटलात धाकट्याची बायको अचानक दाखल झाली. बाळाला यायची फार घाई झाली होती. मुलगी झाली, आणि तिला उचलून थेट चौथ्या पेटीत ठेवलं. ताई आणि आई तिकडे धावल्या. धाकट्याला तिथे कुणी बसू देईना. वॉर्डात जायला ठरलेल्या वेळा, बाळंतिणीपाशी एकच बाईमाणूस. बाहेरच्या बाकावर तो नुसता गुडघे हलवत बसला होता म्हणे. शेवटी ताईच म्हणाली, "तू ऑफिसात जा. इथे बसून तुझंच डोकं फिरेल."

तो आला. हॉस्पिटलला भाषेची नवी आवृत्ती देण्याचं कबूल केलं होतं आणि तिचं थोडंसं काम उरलं होतं. ते त्याने संपवलं. मग थांबला नाही. त्याला थांबायचंच नव्हतं. थांबलं की ती पेटी डोळ्यांपुढे येत असणार. तो फाइल वर-खाली फिरवत राहिला, इथली मोकळी जागा पुसली, तिथलं नाव सुधारलं. असं करता करता माझ्यापाशी आला.

त्याने मला पुसून टाकलं नाही. माझ्या प्रत्येक ओळीआधी एक खूण घातली. ती खूण घातली की मशीनच्या लेखी आपण नसतो. तोंडात बोळा कोंबून कोपऱ्यात बसवावं तसं. माझ्या जागी त्याने वाचायची गाठ आणि ठेवायची गाठ शेजारी शेजारी बांधल्या, आणि दोघींच्या पोटात एकेक हाक ठेवली. दोन हाका! मी ओरडले असते, पण मला आवाज कुठला.

त्याने चाचण्या चालवल्या. सगळ्या पास झाल्या. का नाही होणार? त्याच्या चाचण्यांत पेटीला तिच्या नावाने हाक होती. नावाने दहा वेळा हाक मारा, तीच पेटी येते. 'पुढची' म्हणून हाक मारलीत तर दर वेळी वेगळी येते. हे त्याच्या चाचण्यांनी विचारलंच नव्हतं.

भिंतीवर झाड लावायला कुणी नव्हतं, वाचायला जोडीदार नव्हता. त्याने एकदा रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. मग आवृत्ती पाठवून दिली आणि चप्पल अडकवून हॉस्पिटलात परत गेला. मला त्याचा राग आला असं म्हणवत नाही. पण भीती वाटली.

एका गारठलेल्या दुपारी ताई ऑफिसात आली. आई हॉस्पिटलात थांबली होती, तेव्हा ताईने जरा साचलेलं काम बघायचं ठरवलं. फोन टेबलावर ठेवून तिने तोंड धुतलं, तेवढ्यात तो वाजला. तिने स्पीकरवर घेतला.

"ताई." धाकट्याचा आवाज. "तिचे पाय गार लागतायत."

"कुणाचे? बाळाचे?"

"आत्ता हात लावून आलो. कालपर्यंत असे नव्हते गं. वजनही वाढलेलं नाही. नर्स म्हणतात, आकडा मर्यादेत आहे, घंटा वाजलेली नाही."

"आकडा किती आहे?"

"बत्तीस पॉइंट सहा."

"आणि काल?"

"पस्तीस होता. मी स्वतः बघितला होता."

"मग त्यांनी वाढवला का?"

"सकाळी थंडी म्हणून बटण दाबलं होतं. मघाशी पुन्हा दाबलं. आकडा हलतच नाही, तिथेच अडकलाय. आता नर्सने हाताने पस्तीस लावला. आलाय वर."

ताईने श्वास सोडला. मी नाही सोडला. हाताने लावलेला आकडा पुढच्या वेळी कुणी बटण दाबेपर्यंतच टिकणार होता, हे फक्त मला माहीत होतं. बटण दाबलं की तिसऱ्या पेटीतला आकडा वाचला जाणार आणि चौथीत ठेवला जाणार. तिसऱ्या पेटीत एक गुटगुटीत बाळ होतं, दोन दिवसांत घरी जाणारं. त्याला पुरणारी ऊब माझ्या धाकट्याच्या मुलीला कशी पुरावी?

"इंजिनिअर काय म्हणतोय?" ताईने विचारलं.

"तो जनरेटरपाशी तळघरात गेलाय, फोन लागत नाही. ताई, त्याचा प्रोग्राम तर फक्त वाढवतो ना? कमी कसा करेल?"

"वाढवतो," ताई सावकाश म्हणाली. "कमी करायची ओळच नाही त्यात." मग एकदम तिचा आवाज बदलला. "अरे, नवी आवृत्ती पाठवायच्या आधी झाड कुणी वाचलं?"

ताईची नजर रिकाम्या भिंतीकडे गेली.

"मी विचारतेय, मशीन कोण झालं होतं?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "ताई, मला आत बोलावतायत. फोन बंद ठेवावा लागेल." आणि फोन बंद झाला.

ताईने इंजिनिअरची ओळ नव्या आवृत्तीतून चालवून झाड छापायला टाकलं. प्रिंटर घरघरत एकेक कागद बाहेर टाकत होता आणि ती तो ओढून काढत होती. भिंतीवर लावायलाही थांबली नाही. जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून, बोट ठेवत एकटीच मोठ्याने वाचू लागली. "पुढच्या पेटीला हाक मार. मारली. तिसरी आली. तापमान वाच. वाचलं. भर घाल. घातली. आता ठेव. कुठे ठेवू? पुढच्या पेटीला हाक मार..."

तिचं बोट थांबलं.

मी त्या फाइलमध्ये पडल्या पडल्या म्हणत होते, बरोबर, तेच, तेच. ती ताडकन उठली, फाइल उघडली, आणि खुणा लावून निजवलेली मी तिला दिसले. तिच्या तोंडून फक्त "अरे देवा" एवढंच निघालं.

धाकट्याचा फोन बंद. इंजिनिअरचा लागेना. वॉर्डाचा फोन गुंतलेला. तिने पुन्हा लावला, पुन्हा गुंतलेला. खिडकीबाहेर वारा सुटला होता आणि खाली सायकलवाले काका दुकानाचं अर्धं दार ओढून घेत होते. अशा वाऱ्यात वॉर्डात काय सांगितलं जाणार हे कळायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. ताईने आईला फोन लावला. आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर होती.

"आई, ऊठ. वॉर्डाचं दार वाजव."

"का गं? आत्ताच तर तो आत गेलाय. बाळ बरं आहे ना?"

"नर्सला सांग, ते ऊब वाढवायचं बटण दाबू नका. कुणीच दाबू नका. पेट्यांचे आकडे हाताने लावा."

"अगं, पण मला विचारतील ना, का म्हणून. मी काय सांगू?"

ताईने क्षणभर डोळे मिटले. "आई, ते बटण चव एका पातेल्याची घेतंय आणि मीठ दुसऱ्यात टाकतंय."

"म्हणजे तुझ्यासारखं," आई म्हणाली, आणि चपलांचा फटफट आवाज सुरू झाला.

मग काचेवर थापा. मग नर्सचा वैतागलेला आवाज, "बाई, आत येता येणार नाही."

"मला कुठे यायचंय? तुम्ही बाहेर या. ते बटण दाबलंत का?"

"आत्ता दाबणारच होतो, डॉक्टरांनी सांगितलंय. हवा बघा ना बाहेर."

"हात मागे घ्या त्या बटणावरून! आधी माझ्या मुलीशी बोला."

फोन हातातून हातात गेला. आता डॉक्टरांचा आवाज आला, शांत पण घाईचा. "बोला. कोणत्या पेट्या?"

"दुसरी, चौथी, सहावी," ताई म्हणाली. "या तिघींत शेजारच्या पेटीचा आकडा गेलाय. पहिली, तिसरी, पाचवी वाढलेल्याच नाहीत. एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नका, सगळे आकडे त्या त्या बाळाकडे बघून लावा."

"सहावीतलं बाळ सकाळपासून लालबुंद आहे," डॉक्टर कुणाला तरी म्हणाले. "चला, सहावी आधी. चौथी किती आहे? पस्तीसवरच आहे ना? ती राहू दे." मग पावलं, कुणाचं तरी "स्क्रीन बंद करा" म्हणणं, आणि फोन पुन्हा आईकडे.

"करतायत गं," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. "काचेतून दिसतंय मला. हा आपला एका हाताने तिचा पाय धरून उभा आहे. हलत नाहीये जागचा."

ताई त्या पसरलेल्या कागदांवरच बसली आणि रडली. मीही रडले असते. त्या संध्याकाळी इंजिनिअर स्वतः धावत येऊन जुनी आवृत्ती घेऊन गेला. जुन्या आवृत्तीत मी होते. पण ताईने फाइलमधल्या मला हात लावला नाही. खुणा तशाच ठेवल्या.

धाकटा आला तो बाळांवरचं संकट टळल्यावर. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तिन्ही बाळं सावरली होती आणि त्याची मुलगी दूध घ्यायला लागली होती. तो दारातच उभा राहिला.

"ताई, तू मला बोल तरी."

"मी भिंतीशी बोलून घेतलं सगळं," ताई म्हणाली. "निम्मं मला स्वतःलाच बोलले. ती गाठ का आहे हे मी कुठेच लिहिलं नव्हतं."

"तू म्हणायचीस, आई रागवेल."

"हो, आणि तुला ती मस्करी वाटायची. चल, ये. आज तू झाड हो. मी मशीन."

त्याने माझ्यावरच्या खुणा एकेक करून काढल्या. किती बरं वाटलं, काय सांगू! झाड छापलं, भिंतीवर लावलं, आणि तो वाचायला लागला. "पुढच्या पेटीला हाक मार." "मारली," ताई म्हणाली. "चौथी आली. हात धरला." त्याने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. मग तो म्हणाला, "आकडा वाच." आणि शेवटी, "त्याच पेटीत ठेव."

"ठेवला," ताई म्हणाली.

त्यानंतर त्याने चाचण्यांत 'पुढची' म्हणून हाक मारणारी चाचणी घातली, एक नाही, ढीगभर घातल्या. आणि मग माझ्या डोक्यावर ती ओळ लिहिली, जी इतकी वर्षं नव्हती. लिहिली, पुसली, परत लिहिली. मशीन ती ओळ ओलांडून पुढे जातं. त्याला तिचं काही काम नाही.

आज मी माझ्या जागेवर आहे. तब्येत ठणठणीत. ती मुलगी आता ऑफिसात येते, जमिनीवर बसून जुनी झाडं छापलेले कागद टराटरा फाडते, आणि धाकटा, ज्याला टेबलावर वाकडी पेन्सिल खपत नाही, तिला फाडू देतो. कधीतरी ही दोघं थकतील आणि ही फाइल तुमच्यासारख्या कुणा नव्या माणसाच्या हाती येईल. तुम्हालाही मी जास्तीची वाटेन. काढावंसं वाटलं तर काढा बाबांनो, मी कोण अडवणारी. फक्त आधी एक जोडीदार बोलवा आणि माझ्या डोक्यावरची ती ओळ मोठ्याने वाचा. तिथे लिहिलंय:

ही गाठ काढू नये. चौथ्या पेटीत माझी मुलगी होती.